हुरूफचा परवाना

बदल: हुरूफ जोडलं. – सत्यम

निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत, तेही घाईच्या हातानं लिहिलेले. ते वाचून मराठीत देणारं सॉफ्टवेअर मुरुडच्या सत्यमनं लातुरात भाड्याच्या खोलीत बसून केलं, असं लोक सांगत. खरं तर अर्धंच त्याचं. अक्षरं ओळखणारा अर्धा भाग नांदेडच्या फरहाननं लिहिला होता, हुरूफ, म्हणजे अक्षरं, असं त्याचं नाव ठेवलं होतं आणि सगळ्यांसाठी इंटरनेटवर मोकळा सोडला होता. गेल्या पावसाळ्यात फरहान काविळीनं गेला.

मोकळं म्हटलं तरी अशा प्रत्येक तुकड्यासोबत एक परवाना लागतो: कोणी, कसं वापरावं. हुरूफला आधी तो नव्हताच. दोस्तीत कोण परवाना लिहितं?

आता एका ग्रंथालयाला हे सॉफ्टवेअर हवं होतं. अट एकच: आतल्या सगळ्या तुकड्यांचे परवाने एकमेकांशी जुळले पाहिजेत. सत्यमसोबत काम करणारी तनुजा तपासायला बसली. बेचाळीस तुकडे. एकेचाळीस जुळले.

"हुरूफचं काय रे? परवान्याच्या जागी नुसतं लिहिलंय, सोबतचा कागद पाहा."

"कोणता कागद?"

"हा फोटो. उर्दूत, हातानं लिहिलेला."

"नमुन्याचा असंल. तसले तीनशे हायत."

"चालवून तर बघ. कागद वाचायचंच यंत्र केलंयस ना, का नुसतं मिरवायला?"

सत्यमनं तो कागद वाचायला लावला. हुरूफनं एकही अक्षर चुकवलं नाही.

ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं, बदलावं, वाटावं. फक्त मुरुडच्या सत्यमनं घेऊ नये.

खाली तारीख होती.

तनुजा खळखळून हसली. "काय मस्करीखोर होता रे हा!" मग हसू आवरून म्हणाली, "पण ही अट असली तर जुळत न्हाई. एका माणसाला वगळलं की मोकळं कसलं? आता हक्क त्याच्या आईबापाचा. दोघांची सही आण, अट काढून टाकू. न्हाईतर हुरूफच काढावं लागंल."

"हाव," सत्यमनं होकार दिला. त्याची नजर तारखेवरच होती.

बदल: लेखकांच्या यादीत दुरुस्ती. एक नाव कमी. – सत्यम

सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची अशी नोंद राहते. ही नोंद कागदावरच्या तारखेच्या आदल्या दिवसाची.

नांदेडला देगलूर नाक्याजवळ फरहानचे वडील गफूरचाचा शिलाईचं काम करत. सत्यमला पाहून त्यांनी मशीन थांबवलं, दिलशादचाचींना हाक मारली. कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि स्वतःच मोठ्यानं वाचला. शेवटच्या ओळीला फिस्सकन हसले.

"अरे, तुझं नाव हाय की हितं! बघ गं, तुझ्या लेकाचे उद्योग."

"एका ताटात जेवायचे दोघं," चाची डोळे पुसत हसल्या, "अन् म्हणे ह्याला देऊ नका!"

घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसत होतं. गफूरचाचांनी पेनाचं टोपण काढलं. "कुठं करू सही? हितं?" पेन टेकवता टेकवता सहज विचारलं, "मस्करीच ना, बेटा?"

हाव म्हटलं की झालं होतं.

चाचांचं पेन तसंच वर राहिलं.

"न्हाई, चाचा," तो म्हणाला. "ह्या सॉफ्टवेअरला पुण्यात बक्षीस मिळालं. अर्जात एकाचंच नाव चालत होतं. मी त्याचं काढलं. त्याला विचारलं न्हाई. दुसऱ्या दिवशी त्यानं हे लिहिलं."

"भांडला तुझ्याशी?"

"कधीच न्हाई. पार दवाखान्यातून दुरुस्त्या पाठवायचा."

चाचींचा हात पदराशी थांबला. "म्हणून का... दवाखान्यात रोज विचारून राहिला होता, सत्यमनं कागद वाचला का, सत्यमनं कागद वाचला का. मला वाटलं, कोणाच्या तरी जमिनीचा कागद हाय."

मशीनवर अर्धवट शिवलेला कुडता होता. गफूरचाचांनी त्याची बाही उगीचच सरळ केली. मग पेनाला टोपण लावलं.

"तो असता तर तुमचं तुम्ही मिटवलं असतं. आता न्हाई तर मी कसं खोडू, बेटा? एवढं एकच म्हणणं राहिलंय त्याचं."

"चहा पिऊन जा," चाची म्हणाल्या. एरवी म्हणायच्या, जेवून जा.

लातूरला आल्यावर त्यानं तनुजाला सगळं सांगितलं. तिनं परवान्यांची यादी पुन्हा उघडली. मग म्हणाली, "अक्षरं ओळखायचं नव्यानं लिहावं लागंल. मीच लिहिते, मी हुरूफ उघडून पाहिलेलं न्हाई. तू हात लावू नकोस. तुला ते पाठ हाय, तू लिहिलंस तर त्याचंच उतरंल."

"ग्रंथालय?"

"थांबंल न्हाईतर जाईल."

हुरूफ त्यानं स्वतः काढलं. एकदम काढता आलं असतं. एकेक भाग वाचत काढलं. काही ठिकाणी फरहाननं कडेला लिहून ठेवलं होतं: सत्यम, इथं नुक्ता बघ, ठिपका सुटतो.

मग नेहमीसारखी चाचणी. समोर तोच कागद होता, तोच दिला. पडद्यावर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकोनांच्या दोन ओळी आल्या. कुठल्या चौकोनात आपलं नाव आहे ते त्याला न वाचता सांगता येत होतं.

बदल: हुरूफ काढलं. कारण: लेखकाची परवानगी नाही.

लेखकांच्या यादीत एक नाव वाढवलं. – सत्यम