पडद्यावरची वीतभर शिवण

या, बसा. खुर्ची जरा पुढे ओढा, हल्ली मला लांबचं ऐकू येत नाही. बायको आत चहा टाकायला गेलीये. ती बाहेर येईपर्यंत तिचीच एक गोष्ट सांगून घेतो. तिच्यासमोर सांगायला गेलं की दर दोन वाक्यांना "असं नव्हतंच ते" म्हणून मोडता घालते. तिने थेटरात पहिला पिक्चर कसा पाहिला, त्याची गोष्ट. खरं म्हणजे कसा नाही पाहिला त्याची.

तेव्हा ती सात वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी बूड टेकायचं नाही. तिचा बाप ताडपत्र्या शिवायचा. ट्रकवरच्या, गोदामावरच्या, मोठाल्या. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. माणूस बुटका, पण पंजे फावड्याएवढे. शर्टाच्या कॉलरला कायम एक सुई टोचलेली आणि खिशात पांढरा खडू. घराची पुढची खोली हेच दुकान, त्यामुळे पोरगी ताडपत्रीवरच रांगली, ताडपत्रीवरच झोपली. पाचव्या वर्षी बापाने हातात सुई दिली आणि एकच टाका शिकवला. दोन्ही कडा एकावर एक घ्यायच्या, दोरा गच्च ओढायचा.

"ओढ. अजून ओढ. जेवली नाहीस का सकाळी? पावसाचा थेंब आत गेला तर नाव कुणाचं जाईल?"

"तुमचं, बाबा."

"मग ओढ!"

हा एकच टाका तिला यायचा. पण असा यायचा की दातांनी तुटायचा नाही.

आता झालं काय, त्यांच्या गावात नवीन थेटर उभं राहिलं. खुर्च्या आल्या, मशीन आलं, मशीन चालवायला ऑपरेटर आला. पडदा मात्र येता येता उंदरांनी खाल्ला. चेष्टा नाही, गुंडाळी उघडली तर मधोमध माणूस जाईल एवढं भोक! मालक घाम पुसत मास्तरांच्या दारात हजर. जाडगेला माणूस, पायात पांढरे बूट.

"मास्तर, शुक्रवारी दुपारी पहिला शो आहे. नवा पडदा शिवून द्या. पण एक सांगतो, शिवण दिसायला नको हं. पिक्चर ताडपत्रीवर दाखवल्यासारखा वाटायला नको."

झालं! मास्तर एवढा चिडला की कॉलरची सुई काढून मालकाच्या नाकासमोर धरली. "माझी शिवण तुमच्या पिक्चरमध्ये कुणाला दिसली ना, तर त्या दिवशी ही सुई तुमच्या हातात देईन. परत शिवायला बसणार नाही. बोललो ते बोललो."

"अहो, जपून बोला," आतून भिंगरीची आई म्हणाली.

भिंगरीने ते ऐकलं. मोठी माणसं असं शंभरदा बोलतात, आपण सोडून देतो. पण सात वर्षांच्या पोरीला ते खरंच वाटणार ना? बाबांनी सुई दिली की दुकान बंद. दुकान बंद म्हणजे जेवण बंद. सरळ हिशोब.

चार दिवस घरात पांढरं कापड. कापडाचे सहा पट्टे एकमेकांना जोडायचे होते. खाट उभी करून ठेवली, चूल मागच्या अंगणात गेली, आणि पाय धुतल्याशिवाय पुढच्या खोलीत यायचं नाही असा हुकूम सुटला. शेवटची शिवण मधली होती. तिथे कापडाचा गठ्ठा एवढा झाला की शिलाईच्या मशीनखालून सरकेना. मास्तर हाताने शिवायला बसला. नाजूक टाका घालायचा, मुंगीच्या पावलासारखा, कापड अजिबात न ओढता. वीतभर राहिलं होतं आणि मालकाची माणसं हातगाडी घेऊन आली. मास्तर सुई तशीच टोचून पडदा बांधायचे दोर मोजायला बाहेर गेला.

भिंगरी एकटी. समोर वीतभर जागा, सुईत दोरा तयार. तिला वाटलं, बाबा दमलेत, आपण हातभार लावू. बसली आणि लावला की हातभार! तिला येणारा तोच टाका, गच्च ओढून. पावसाचा थेंब आत जायची बिशाद नव्हती.

बाप आत आला, दोऱ्याची गाठ पाहिली. "संपवलं होतं वाटतं मी," असं स्वतःशीच म्हणाला. चार दिवसांची झोप डोळ्यांवर, बाहेर माणसं ओरडतायत. घडी घातली, पडदा गेला. पोरगी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बघ शुक्रवारी. शिवण शोधून सापडायची नाही." मग कसलं सांगते!

थेटरात पडदा चौकटीला ताणून बांधला, वरून पांढरा रंग मारला. मास्तरने खालून पाहिलं, झकास. रंग ओला होता तोवर झकासच होता.

शुक्रवारी दुपारी तिघं थेटरात गेली. मालकाने चौथ्या रांगेत बसवलं होतं. आई नवी साडी नेसून, बाप इस्त्रीचा शर्ट घालून, कॉलरला सुई आहेच. आजूबाजूला खच्चून माणसं, खुर्च्यांना नव्या रंगाचा वास, आणि भिंगरीचे पाय खाली पुरत नव्हते. दिवे गेले. मागून एक झोत आला आणि समोर भिंतीएवढं माणसाचं तोंड उगवलं. आईने तिचा हात एवढा आवळला की बांगड्या रुतल्या.

पण भिंगरीला ते तोंड दिसलंच नाही. तिला दिसली फक्त चुणी.

रंग वाळला तसं कापड ताणलं गेलं होतं. सगळा पडदा सपाट झाला, ती वीतभर जागा तेवढी आखडून बसली होती. अगदी मधोमध, माणसाचं तोंड मोठं करून दाखवलं की ओठ येतात तिथे. पिक्चरमध्ये एक मिशीवाला दुष्ट होता. घोड्यावरून आला, खाली उतरला, चेहरा मोठा झाला आणि मिशीचं एक टोक डोळ्यापर्यंत वर गेलं! दात ओठ खाऊन धमकी देतोय आणि मिशी नाचतेय.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "याला दातदुखी आहे का रे?"

आणि थेटर फुटलं. मग काय, लोकांना छंदच लागला. मिशीवाला आला की टाळ्या! हिरोईन रडायला लागली तर तिचा ओठ असा वाकडा की रडतेय का वेडावतेय कळेना. म्हाताऱ्या बापाने शेवटचा श्वास घेतला, तो डोळा मारल्यासारखं करून. त्या मरणाला जेवढं लोक हसले तेवढं कुणाच्या बारशाला हसले नसतील.

भिंगरी मात्र हसली नाही. गोष्ट काय, कोण कुणाचा भाऊ, घोडा कुणाचा, काही नाही. ती त्या वीतभर जागेकडे बघत होती. कुणी त्या जागेकडे यायला लागलं की मनात म्हणायची, नको, नको, तिकडेच उभा राहा. आणि तो मेला तिथेच येऊन उभा राहायचा. मधेच तिने चोरून बापाकडे पाहिलं. बाप पडद्याकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

मध्यंतर झालं, दिवे लागले. मालक पांढरे बूट वाजवत रांगेपाशी आला. चेहरा टोमॅटोसारखा.

"मास्तर, त्या मिशीचं काय करायचं?"

मास्तर उभा राहिला. कॉलरची सुई काढली आणि तळहातावर ठेवून पुढे केली. "माझी चूक. हात घसरला. घ्या."

"अहो!" आई म्हणाली.

मालकही गडबडला. एवढं त्यालाही नको होतं. तेवढ्यात खुर्चीवर उभी राहून भिंगरी एवढ्या जोरात ओरडली की शेवटच्या रांगेतला माणूस शेंगदाणे खायचा थांबला.

"तो टाका बाबांचा नाहीये! माझा आहे! बाबांचा दिसतच नाही!"

सगळं थेटर वळून बघतंय. पोरीच्या नाकाडोळ्यांतून पाणी.

"मला माहितीये," बाप हळू म्हणाला. "मिशी वर गेली तेव्हाच ओळखला. असा गच्च टाका मी एकीलाच शिकवलाय."

"मग खोटं का बोललात?" मालक म्हणाला.

"शिकवला मीच ना."

मालकाने सुईकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग जाड पोट हलवत हसायला लागला. "मास्तर, तुमची शिवण दिसली तर सुई द्यायची असं ठरलं होतं. तुमची दिसली कुठे? ठेवा ती सुई. आणि दहा मिनिटांत ही मिशी सरळ करा, नाहीतर लोक पुढच्या मरणालाही हसतील!"

मग जे झालं त्याला तिकीट लावायला हवं होतं. बापाने पोरीला खांद्यावर घेतलं आणि पडद्यासमोरच्या ओट्यावर चढला. उजेड पुरेना, तर वरून ऑपरेटर ओरडला, "थांबा, मी देतो!" आणि त्याने मशीनचा पांढरा झोत सोडला. पडद्यावर दोघांच्या सावल्या पडल्या. राक्षसाएवढा बाप आणि त्याच्या खांद्यावर तेवढीच मोठी पोर, हातात तलवारीएवढी कात्री.

"उसव," बाप म्हणाला. "तूच घातलास, तूच काढ. हळू."

"निघत नाहीये, बाबा."

"निघणार कसा? शिकवला कुणी!"

खालून लोकांचे सल्ले सुरू. "डावीकडून काप!" "अगं, पुढचा हिरो कापशील!" एक म्हातारी म्हणाली, "गप्प बसा रे, पोरीचा हात हलेल." शेवटचा दोरा सुटला आणि टाळ्या पडल्या. मग ती खाली उतरली आणि बापाने टाचा उंचावून त्याच जागी मुंगीच्या पावलांचा टाका घातला. रंग निघाला होता तिथे खिशातला पांढरा खडू घासला, अंगठ्याने पुसला आणि मागे सरकला. शिवण गायब! मालकाने नाक लावून पाहिलं, त्यालाही सापडली नाही.

दिवे गेले, पिक्चर पुढे सुरू झाला. मिशीवाला आला, मिशी जागच्या जागी. लोकांनी उलट आरडाओरडा केला, "मिशी वर करा! पैसे परत द्या!"

आणि भिंगरी? बाबांच्या कॉलरला सुई आहे, एवढं तिने हात लावून पाहिलं. मग आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि घोरायला लागली. आठवडाभर धड झोपली नव्हती पोर. उरलेला पिक्चर तिच्या डोक्यावरून गेला. बापाने घरी नेली ती खांद्यावर टाकून, घडी घातलेल्या ताडपत्रीसारखी.

दुसऱ्या दिवशी आईला विचारलं, "शेवटी काय झालं गं?" तर आई म्हणाली, "मला काय माहीत! मी तुझ्या बाबांकडे बघत होते." बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "शिवण टिकली." पुढच्या शुक्रवारी दुसरा पिक्चर लागला.

तेव्हापासून ती विचारतेय. लग्न ठरवायला आलो तेव्हा मलाही पहिला प्रश्न हाच. घोडा, मिशीवाला दुष्ट, रडणारी बाई, मध्यंतराआधी मरणारा म्हातारा. तुम्ही पुष्कळ पिक्चर पाहिलेले दिसता. ती बघा, कपबशा वाजतायत, येतेच आहे. तुम्हाला तो आठवत असेल तर शेवट तिला सांगून टाका. पण तिला बरं वाटावं म्हणून मनाने रचून सांगू नका हं, एवढं माझं ऐका. वीतभर जरी तुमच्या पदरचं घातलंत, तरी तिला बरोबर तेवढंच दिसतं.