मधल्या खोलीतली ओल

आमचे सर भिंत चाखायचे. खोटं सांगत नाही. भिंतीला ओल दिसली की आधी यंत्र लावून आकडा बघायचे, मग करंगळी भिंतीवर घासून जिभेला लावायचे. "खारट लागली तर ओल खरी. पाणी आतून येतंय, येताना विटांमधला क्षार घेऊन येतंय. नुसतं पाणी लागलं तर समजा, कुणीतरी काल बादली सांडली." घर तपासनीस व्हायला निघालेल्या आमच्या वर्गात यावर बरेच विनोद झाले. मी मात्र निमूटपणे चाखायला शिकले. इतकी वर्षं दाताच्या दवाखान्यात लोकांच्या तोंडात बघत काढल्यावर भिंतीची काय किळस येणार?

हे शिक्षण मी का घेत होते याचं खरं उत्तर कुणाला सांगितलं नव्हतं. मला घरं बघायची होती. आम्ही कायम भाड्याच्या खोल्यांत राहिलो, आणि प्रत्येक स्वयंपाकघर असं, की भर दुपारीसुद्धा दिवा लावल्याशिवाय बोट कुठलं आणि कांदा कुठला ते कळू नये. "लोकांची घरं ठोकून बघतेस, आपलं कधी?" असं नवरा चिडवायचा. मी वरवर हसायचे आणि आतून जळायचे. परक्या घरात शिरल्यावर डोळे आधी भेगांकडे जायला हवेत. माझे खिडकीकडे जायचे, आणि मनातल्या मनात माझी भांडी मांडूनही व्हायची. सर ओरडायचे, "बाई, तुम्ही तपासायला आलात की राहायला?"

शेवटची परीक्षा म्हणजे एक खरं घर एकटीने तपासायचं. सर गच्ची तेवढी स्वतः बघणार आणि बाहेर पायरीवर पेपर वाचत बसणार. अहवाल पटला तर मी स्वतःची कामं घ्यायला मोकळी.

घर एका निवृत्त ड्रायव्हरकाकांचं होतं. काकू गेल्या, मुलीने वडिलांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं आणि घराला गिऱ्हाईक आणलं. गिऱ्हाईक म्हणालं, आधी तपासणी, मग सही. काकांनी दार उघडलं ते मी जप्तीला आल्यासारखं.

"नीट बघ हो. जुनं घर आहे, काहीतरी सापडेलच," ते माझ्या मागे मागे फिरत म्हणाले. मला हे नवीनच होतं. घर विकणारा माणूस तपासनीसाला चहा पाजून भिंतींपासून लांब ठेवतो. हे मला भिंतींकडे ढकलत होते.

पण सापडेना. छत कोरडं, नळ ठीक, फरशी ठोकली तर कुठेही पोकळ आवाज नाही. स्वयंपाकघरात तर मी फसलेच. ओट्यासमोर चांगली हात पसरण्याएवढी खिडकी, आणि ओटाभर सकाळचं ऊन. मी उगाचच नळ दोनदा सोडला, दोनदा बंद केला. असं घर मला हवं होतं.

मग मधल्या खोलीत ओल दिसली. दोन खोल्यांमधली भिंत, आत पाइप नाही, वर छत कोरडं ठणठणीत. ओल छातीच्या उंचीला सुरू होऊन खाली ओघळलेली. मी करंगळी घासली आणि जिभेला लावली.

"हे काय करतेस?" काका दचकले.

"चाखतेय. खारट असेल तर ओल खरी."

खारट नव्हती. नुसतं पाणी. मी काकांकडे पाहिलं. ते कोपऱ्यातल्या उभ्या पंख्याकडे बघत होते. पंख्यावर फुलाफुलांची, हाताने शिवलेली खोळ होती.

मला सगळं कळलं. आणि तरी मी लिहिलं, "ओल आहे. कारण दिसले नाही. भिंत वाळवून महिन्याने पुन्हा तपासावी." आमचा नियमच आहे, दिसलं तेवढंच लिहायचं, अंदाज लिहायचा नाही. काकांना पाणी मारताना मी कुठे पाहिलं होतं? सरांनी पायरीवर बसून ते वाचलं.

"चाखलंत?"

"चाखलं."

"आणि कारण दिसलं नाही."

"नाही दिसलं."

"मग तुमचा निकालही महिन्याने," सर म्हणाले आणि पेपराची घडी घालू लागले. निघताना मी काकांना सांगितलं, पंखा लावून ठेवा, भिंत वाळेल. "लावतो की," ते म्हणाले. हे सगळं मी फक्त त्यांच्यासाठी केलं, असं म्हणून मोठेपणा घेणार नाही. मला त्या स्वयंपाकघरात पुन्हा एकदा उभं राहायचं होतं.

महिन्याने गेलो तेव्हा सर आत आले. ओल दारापर्यंत पसरली होती आणि पंख्यावर खोळ तशीच होती. सरांनी भिंत चाखली आणि तोंड वाकडं केलं.

"चाखा."

मी चाखली. भिंतीचा क्षार कडवट असतो, जीभ ओढून धरतो. हे घरातलं मीठ होतं, आणि सढळ हाताने घातलेलं.

"मीठ जरा जास्त पडलंय," सर हळूच म्हणाले. "मी गच्ची बघून येतो." गच्ची त्यांनी मागच्याच वेळी पाहिली होती.

काका खुर्चीवर बसले. "कळलं?"

"कळलं. पण काका, हीच भिंत का?"

"तिला ही कधी आवडली नाही. म्हणायची, ही नसती तर घर कसं मोकळं झालं असतं. बाकीच्या भिंतींवर पाणी मारायला हात होईना बघ."

मला रडू आलं की मी रागावते, हा माझा स्वभाव. मी पेन उघडलं. "ठीक आहे. सौदा मोडायचाय ना? सांगा, काय लिहू? पाया खचलाय, लिहू?"

"पाया? अगं, शेजारच्यांच्या फरशा उचकटल्या, आमची एक हलली नाही."

"छत गळतं."

"कधी गळलं? एकदा तरी?"

"स्वयंपाकघर अंधारं आणि कोंदट..."

काका ताडकन उठले. "कोंदट? जीभ झडेल तुझी! पहाटे दिवा न लावता चहा करायची ती तिथे. ही खिडकी बघून तिने घर घेतलं. मी म्हणत होतो, डेपो लांब पडेल, नको. ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली ती हलेचना. अंधारं म्हणे!"

बोलता बोलता ते थांबले. माझ्या हातातल्या पेनाकडे बघत राहिले.

"मग काय लिहू, काका?" मी विचारलं.

ते म्हणाले, "खरं लिही. तिच्या घराला नावं ठेवू नकोस."

मी लिहिलं, "भिंतीवर बाहेरून पाणी पडले आहे. घरात दोष नाही." खाली 'इतर' असा रकाना असतो. तिथे आम्ही उंदीर, वाळवी असलं काहीबाही लिहितो. मी लिहिलं, "स्वयंपाकघरात दुपारपर्यंत ऊन येते," आणि काकांना वाचून दाखवलं.

"दुपारपर्यंत कुठलं? दहापर्यंत," ते म्हणाले. मी खोडून दुरुस्त केलं.

"ही वाळायला किती दिवस?" त्यांनी भिंतीला हात लावून विचारलं.

"पंखा लावला तर आठवडाभर."

"आणि नाही लावला तर?"

जिन्यावर सरांची पावलं वाजली. काकांनी पंख्याची खोळ काढली, तिची नीट घडी घातली, पंख्याचं तोंड भिंतीकडे वळवलं आणि बटण दाबलं.