नजातची शाळा

निळ्या जेलाब्यावरून, एका पायघोळ झग्यावरून, त्या सकाळी घरात चांगलीच जुंपली.

नजातच्या अंगावर पांढरे कपडे चढून दुसरा आठवडा चालू होता. अझमूर गावात नवरा गेलेली बाई इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपेपर्यंत डोक्याच्या रुमालापासून पायातल्या मोज्यांपर्यंत पांढऱ्यात असते, आणि कुणी विसरलंच तर आठवण करून द्यायला अख्खी गल्ली आहे. पण त्या दिवशी नेमकं गल्लीतलंच एक माणूस उलटं बोलत होतं. शेजारची खदूज खाला. हातात गरम मस्मन पराठ्यांची ताटली आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"पांढऱ्यात जाणार मुलाखतीला? अगं, दारावरचा माणूसच परत धाडेल तुला. बालवाडी आहे ती! दुखवट्यातली बाई कोण घेतं तिथं? पोरं बिचकतील, त्यांच्या आया नाकं मुरडतील."

"खदूज, माझ्या पोराच्या कबरीची माती ओली आहे अजून," सासू म्हणाली. "आणि तू माझ्या दारात उभी राहून सुनेला रंगीत घालायला सांगतेस?"

"मग तू सांग बाई काय घालायचं! मी आपली चार शब्द चांगले सांगायला आले, तर माझ्यावरच फिस्कारतेस."

सासूचं नाव बत्तूल. सगळी गल्ली तिला मानानं लल्ला बत्तूल म्हणायची, नजातही लल्लाच म्हणायची. मुलगा गेल्यापासून ती फार कमी बोले. आताही ती सरळ आत गेली आणि बाहेर आली ती निळा जेलाबा हातावर घेऊन. टोपी नीट पाठीमागे दुमडलेली, बाह्यांची घडी सरळ.

"त्यानेच इस्त्री करून ठेवलाय," ती म्हणाली. "त्या शाळेतल्या बाईंना शब्द दिला होता माझ्या पोरानं. घाल आणि जा."

नजातनं जेलाबा घेतला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. इस्त्री बूशैबनं केली होती हे तिला सांगायची काय गरज होती? तिच्यासमोरच तर केली होती त्यानं, ती वळूनसुद्धा बघत नव्हती तेव्हा.

झालं होतं असं. बूशैब टॅक्सी चालवायचा. अझमूर ते अल जदीदा, आणि गिऱ्हाईक मिळालं तर रात्री-अपरात्री पार मराकेशपर्यंत. अल जदीदातल्या बालवाडीच्या मुख्याध्यापिका सलवा बाई त्याच्या ओळखीच्या झाल्या होत्या, कारण त्यांच्या म्हाताऱ्या आईला दवाखान्यात तोच न्यायचा. त्यांच्याकडे शिक्षिकेची जागा होती. तेव्हापासून तो नजातच्या मागे लागला होता. तू एवढी शिकलीस, घरात बसून काय करतेस, एकदा भेटून तर ये. नजात नाही म्हणायची. दोनदा सरकारी शिक्षकाच्या परीक्षेत ती नापास झाली होती. तिसऱ्यांदा कुणासमोर बसून 'तुम्ही नाही चालणार' असं ऐकायची तिची छाती नव्हती. पण हे ती नवऱ्याला सांगेल तर शपथ! भीती वाटते म्हणायची लाज, म्हणून मग ती भांडण काढायची.

तो गेला त्या दिवशी सकाळी त्यानं सांगितलं, "मी तारीख ठरवून आलोय." आणि इस्त्री तापवायला घेतली. नजातच्या डोक्यात सणक गेली.

"बायकोला कामाला जुंपायचं आणि आपण कॉफीच्या दुकानात तंगड्या पसरून बसायचं! हेच हवंय ना तुला? माझ्या पगारावर डोळा आहे तुझा."

कुणी दुसरा असता तर कानाखाली नाही तरी उलटा शब्द तरी आला असता. बूशैब हसला. "बसेन की," तो म्हणाला. "मस्त पाय पसरून बसेन. तू येताना मला शेंगदाणे आण."

जेलाबा खुंटीला लावून तो निघून गेला. ती दारापर्यंतसुद्धा गेली नाही. दुपारी टॅक्सी स्टँडवर, गाडीच्या दाराला हात लावलेला असतानाच तो खाली बसला आणि तसाच गेला. काही दुखणं नाही, खुपणं नाही. लोक घरी आले तेव्हा ती टोमॅटो चिरत होती, आणि मनात त्याच्याशी अजून भांडतच होती.

आता तिनं पांढरं सगळं उतरवलं, निळं घातलं, निळाच रुमाल बांधला. मोजे मात्र काढवेनात. जेलाबा पायघोळ, दिसतंय कुणाला? तेवढं तरी त्याचं राहू दे, असं म्हणून तिनं पांढरे मोजे तसेच ठेवले आणि वर काळे बूट चढवले. पर्समध्ये त्याचा फोन टाकला. तो फोन लल्ला बंद करू देत नव्हती. रोज त्याच्यावर गिऱ्हाइकांचे फोन यायचे. 'अरे बूशैब, कुठं मेलायस, मी स्टँडवर उभा आहे!' आणि नजातला सांगावं लागायचं. मग पलीकडचा माणूस चाचरत दुखवट्याचे शब्द म्हणायचा, "बरकत असो तुमच्या माथ्यावर." तेच वाक्य, तेच उत्तर. सांगून सांगून तिची जीभ झिजली होती.

सलवा बाईंची खोली शाळेच्या अंगणाला लागून होती. बाहेर पोरांचा नुसता कल्ला. बाई पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांनी चहा मागवला आणि इकडचं तिकडचं न बोलता मुद्द्याला हात घातला.

"पहिल्या दिवशी एक पोर आईसाठी रडायला लागलं. थांबतच नाही. काय करशील?"

नजातनं उत्तरं पाठ केली होती. वर्गाची मांडणी, अक्षरओळख, काय काय. हे त्यात नव्हतं.

"आधी रडू देईन," ती म्हणाली. "गप्प बस म्हणणार नाही. मग त्याचं दप्तर त्याच्या मांडीवर देईन. घरची एखादी वस्तू हातात असली की थोडा धीर येतो."

तिची स्वतःची पर्स तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती.

"आणि आई आत्ता येते, अशी थाप मारशील?"

"नाही. खोटं नाही सांगणार. ते वाट बघत बसतं मग."

सलवा बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "इथं येणारी प्रत्येक जण सांगते, मी गाणं म्हणेन, मी टाळ्या वाजवेन," त्या म्हणाल्या. "तू पहिली आहेस रडू देणारी." मग खुर्चीत रेलल्या आणि एकदम घरच्यासारख्या हसल्या. "बरं, आमचे बूशैब महाराज कसे आहेत? आई दोन आठवडे दवाखान्यात गेली नाही, माझ्या बहिणीकडे गेलीय. त्यामुळे त्यांचं तोंड दिसलं नाही."

सांगायला हवं होतं. एवढंसं वाक्य. दिवसाला दहा वेळा ती ते म्हणत होती, अकराव्यांदा म्हणायचं होतं. पण समोर एक बाई बसली होती जिच्या लेखी तो आत्ताही स्टँडवर उभा होता, सूर्यफुलाच्या बिया फोडत. नजातला ते मोडवेना.

"बरे आहेत," ती म्हणाली.

आणि मग तिला थांबताच येईना. "बरे म्हणजे काय, नेहमीसारखेच. सकाळी दाढी करताना इतकं बेसूर गातात की शेजारची खाला भिंतीवर थापा मारते. परवा माझ्यासाठी अंडी-टोमॅटो करायला गेले आणि अख्खी कढई जाळली. वर मलाच म्हणतात, कढई पातळ होती."

"अगदी तस्सेच!" सलवा बाई खदखदून हसल्या. "माझ्या आईला म्हणे, लल्ला, तुमच्याकडून भाडं कसं घेऊ, तुम्हीच मला गोष्टींचे पैसे द्या."

नजातही हसली. तो गेल्यापासून पहिल्यांदा. खुर्चीखाली पाय ओढून घेतले, मोजे दिसू नयेत म्हणून, आणि मनाशी म्हणाली, आणखी थोडा वेळ. आणखी एवढा चहा संपेपर्यंत.

"जागा तुझी," सलवा बाई म्हणाल्या. "सोमवारपासून ये. आणि आता त्यांचंही पक्कं करून टाकू या."

"त्यांचं काय?"

"म्हणजे? बसचं! तुला बोलले नाहीत?"

नजातनं नकारार्थी मान हलवली.

"कमाल आहे या माणसाची. अगं, रमजानच्या आधीपासून शाळेच्या बसवर ड्रायव्हर हवाय मला. त्यांनाच विचारलं होतं. सकाळी पोरं आणायची, दुपारी सोडायची, की मोकळे. किती खूश झाले! म्हणाले, आता रात्रीची मराकेशची फेरी सुटली, फार दमायला होतं हल्ली. म्हटलं, मग उद्यापासून या. तर म्हणे, नाही. आधी माझ्या बायकोची मुलाखत होऊ द्या."

"का?" नजातनं विचारलं.

"मी पण तेच विचारलं. म्हणाले, मी आधी चिकटलो तर तिला वाटेल, नवऱ्याच्या वशिल्यानं घेतलं. तिला तिच्या हिमतीवर मिळू दे. तोवर थांबतो मी, टॅक्सी आहेच. मी म्हटलं, अहो, तिला सांगा तरी! तर म्हणाले, सांगितलं तर माझ्यासाठी म्हणून येईल ती, मनातून नाही येणार." सलवा बाईंनी टेबलावरचा फोन उचलला. "थांब, आत्ताच्या आत्ता कळवते. चांगली खबर आहे, ताजी ताजी द्यावी."

नजातनं हात पुढे केला. 'नको' म्हणायला तोंड उघडलं. बाईंनी नंबर लावलाही होता.

तिच्या मांडीवरची पर्स वाजायला लागली.

बूशैबनं स्वतःच निवडलेली ती लग्नातल्या ढोलकीची टुकार धून. सलवा बाईंनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग पर्सकडे. हसू अजून चेहऱ्यावर तसंच होतं, उतरायला वेळ लागत होता. नजातनं फोन बाहेर काढला. पडद्यावर सलवा बाईंचं नाव नव्हतं. त्यानं तो नंबर साठवला होता 'नजातची शाळा' म्हणून.

ती बघतच राहिली. ढोलकी वाजत राहिली. मग रोज करायची तसं तिनं बटण दाबलं, फोन कानाला लावला आणि टेबलापलीकडे बसलेल्या बाईंना फोनवरच सांगितलं, "बूशैब गेले. मागच्या आठवड्यात. मी त्यांची बायको बोलतेय."

सलवा बाई उठल्या. टेबलाला वळसा घालून आल्या, तेव्हा जेलाब्याखालचे मोजे त्यांना दिसले. "बरकत असो तुझ्या माथ्यावर, पोरी," त्या म्हणाल्या आणि तिचं डोकं पोटाशी धरलं. "अगं, मग मघाशी का नाही..."

"तुमच्यासाठी ते जिवंत होते," नजात म्हणाली. "थोडा वेळ मलाही हवे होते. मी मुलांना खोटं सांगणार नाही म्हटलं आणि तुम्हाला..."

"मुलांना खोटं नको सांगूस. मला सांगितलंस, त्याचं काही नाही." बाईंनी चष्मा काढून पुसला. "सोमवारी ये. आणि पांढऱ्यातच ये. पोरांनी विचारलं तर खरं सांगू आपण."

परतीच्या टॅक्सीत ती मागे, दोन बायकांच्या मधे बसली. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्यानं आरशातून नजर चुकवली. रस्ताभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. रमजानच्या आधीपासून. किती वेळा त्यानं विषय काढला होता, आणि किती वेळा तिनं ताट आपटलं होतं! हो म्हटलं असतं तर त्या दुपारी तो स्टँडवर नसता. शाळेच्या बसमध्ये असता, पोरांच्या कलकलाटात. कदाचित तिथंही गेला असता, कुणी सांगावं. पण महिनोन् महिने रात्री जागून दमला नसता. आणि तिनं काय म्हटलं त्याला? तंगड्या पसरून बसशील. तो पाय पसरायला तिच्यासाठीच थांबला होता, आणि हसून शेंगदाणे मागत होता.

घरी लल्ला दारातच बसली होती. खदूज खालाही होतीच, ती कुठं जाणार!

"काय झालं?" लल्लानं विचारलं.

"घेतलं मला. सोमवारपासून."

"बघ! मी म्हटलं नव्हतं, निळं घाल म्हणून?" खाला म्हणाली. लल्लानं तिच्याकडे लक्षच दिलं नाही. तिनं डोळे मिटले, ओठ हलले.

"माझ्या पोराचा जीव निवला असेल," ती म्हणाली. "तेवढी एकच इच्छा होती त्याची. आणखी काही बोलल्या का गं बाई त्याच्याबद्दल?"

नजातच्या ओठांवर आलं सगळं. बस, मराकेशची फेरी, वशिला. लल्लानं तोंड वर करून तिच्याकडे पाहिलं, मुलाबद्दलचा एखादा शब्द मिळेल म्हणून. हे ऐकून ती म्हातारी उरलेलं आयुष्य काय करेल?

"हसत होत्या," नजात म्हणाली. "त्यांची आई टॅक्सीत फार हसायची म्हणाल्या."

लल्ला समाधानानं मान डोलवत राहिली. नजात आत गेली, निळा जेलाबा उतरवून त्याच खुंटीला लावला आणि पांढरे कपडे घातले.

सोमवारी सकाळी शाळेची बस गल्लीच्या तोंडाशी आली. नवा ड्रायव्हर पोरगेला होता. त्यानं अदबीनं दार उघडलं आणि म्हणाला, "इथं पुढं बसा ताई, माझ्या मागं. इथं धक्के कमी बसतात."

"नको," नजात म्हणाली, आणि पोरांच्या दप्तरांतून वाट काढत अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तिथून ड्रायव्हरची जागा दिसत नव्हती.