चंदनबाईच्या मोरीचं पाणी

आमच्या मंठा गावात उन्हाळ्यात प्यायला पाणी मिळालं तरी लई. झाडाला कोण घालतो? पण माझी लिंबोणी हिरवीगार होती, ती चंदनबाईच्या मोरीच्या पाण्यावर. चंदनबाई म्हंजे पन्नालाल शेटची बायको, माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. रझाकारी मोडली त्या साली माझ्या पुष्पीनं ते रोप लावलं, अन् दुसऱ्या साली पोरगी देवीच्या साथीत गेली. मंग मी भिंतीला भोक पाडून घेतलं. चंदनबाईचं धुण्याभांड्याचं पाणी इकडं यायचं. बुडाशी तुरीचा भुसा पसरलेला, त्यानं ओल टिकायची. बोली एकच होती: भांड्याला राख, कपड्याला रिठा, सोडा बिलकुल न्हाई. सोड्यानं माती जळती. ती बराबर ‘हौ’ म्हणली होती, अन् लिंबं दोघींच्या घरात जायची.

औंदा चैतात पानं पिवळी पडायला लागली. मी भुसा बदलला, शेणखत घातलं, काई फरक न्हाई. चंदनबाई रोज सकाळी यायची, पानावरून हात फिरवायची अन् हळूच म्हणायची, “चतुरा, तुझ्या सुनेचा विटाळ झाला असंल बघ.” मी येडी! सुनेला, दुर्गीला, परसात पाऊल टाकू दिलं न्हाई. बिचारी रडली, तरी न्हाई.

एक दिवस भोकापाशी मातीवर पांढरा थर दिसला. बोटावर घेऊन चाटला तर जीभ चरचरली. तशीच उठले, तिच्या मोरीत गेले. कोनाड्यात सोड्याचा पुडा, अर्धा संपलेला.

“कधीपासून, चंदनबाई?”

“होळीपासून,” ती खाली बघत बोलली. “रिठ्यानं शेटची धोतरं पांढरी व्हईनात.”

“मंग सांगायचं न्हाई का?”

“सांगितलं असतं तर तू भोक बुजवलं असतं. पाणी माझ्या अंगणात तुंबलं असतं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नुसतं झाड जाळलं असतं तर एक वेळ गिळलं असतं. पण पुष्पी गेली तवा हिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडल्ते मी. अन् ही बया रोज पानं कुरवाळत माझ्या पोरीचं झाड मरताना बघून राह्यली! वर माझ्या सुनेवर आळ.

माती तर कवाच जळून गेली होती; जेठ संपायच्या आत लिंबोणी पार वाळली. मी दुर्गीला परसात बोलावलं अन् कुऱ्हाड तिच्याच हातात दिली. बुंध्याचा हातभर तुकडा काढला, भिंतीच्या भोकात ठोकून घट्ट बसवला.

संध्याकाळी पलीकडून हाका आल्या, “चतुरा! अगं चतुरा, पाणी घरात शिरून राह्यलं!”

मी दुर्गीला म्हणलं, “वाढ गं जेवायला.”