बाबांची बेचाळीस रेकॉर्डिंगं

तुकोजीराव पवारांच्या घशात कॅन्सर निघाला, तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं: स्वरयंत्र काढावं लागेल, बोलणं कायमचं बंद. ऑपरेशनला बारा दिवस होते. तेवढ्या दिवसांत त्यांच्या एकुलत्या लेकीने, अस्मिताने, बाबांच्याच फोनमध्ये रेकॉर्डिंगचं ॲप टाकलं आणि त्यांना बोलायला लावून लावून पार हैराण केलं. तिच्या सात महिन्यांच्या शमिकाला मोठेपणी आजोबांचा आवाज ऐकू यावा, एवढाच तिचा हट्ट. बाबांनी नातीला हाका मारल्या, लटकं रागावले, पोलोग्राउंडच्या कारखान्यातले किस्से सांगितले. बेचाळीस रेकॉर्डिंगं झाली.

आता बाबा म्हणजे तीस वर्षं त्या कारखान्याचे स्टोअरकीपर. माल कपाटात लागला, यादीत चढला, की खोका त्याच दिवशी बाहेर. रिकामे खोके जपून ठेवणाऱ्यांचा त्यांना भयंकर तिटकारा.

ऑपरेशननंतर हातात पाटी आली, काम काही उरलं नाही. फोन हळू चालतो म्हणून एक दिवस साफसफाईला बसले. फोनमधल्या फाइल्सच्या यादीत बेचाळीसच्या बेचाळीस नावं दिसत होती. माल तर लागलाय, मग खोका कशाला? त्यांनी रेकॉर्डिंगचं ॲप काढून टाकलं. नक्की काढायचं का, असं फोनने विचारलं, तेव्हा क्षणभरही थांबले नाहीत. तीस वर्षांची सवय हो, थांबणार कशी!

रविवारी अस्मिता बाबांच्याच फोनवर शमिकाच्या पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ पुरा करायला बसली. फोटो जागच्या जागी होते. खाली आवाजाच्या पट्ट्या मात्र सगळ्या राखाडी: फाइल सापडत नाही. यादी उघडली, तर तीही रिकामी. फोन घेऊन ती शेजारच्या नीरजकडे धावली. तो सांवेर रोडच्या एका फॅक्टरीत कॉम्प्युटरचं बघतो.

"यादी फक्त दाखवते ताई, ठेवत नाही," नीरज म्हणाला. "माल त्या ॲपच्याच पोटात होता. व्हिडिओवाल्या ॲपनेही कॉपी घेतली नव्हती, तिथूनच वाजवत होतं. ते गेलं, तो सब गया. बॅकअप?"

"जागा भरली म्हणून मीच बंद केला होता."

नीरजने संध्याकाळपर्यंत खटपट केली, पण एकही फाइल परत आली नाही.

घरी येऊन अस्मिता बाबांवर अक्षरशः ओरडली. "कुणी सांगितलं होतं हात लावायला? तुमचा आवाज होता त्यात, बाबा! सगळा गेला!" आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात दाबून मटकन खाली बसली. आजारी माणसावर ओरडल्याची तिला लाज वाटली, पण राग काही जाईना.

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी घाईघाईने पाटी ओढली, लिहिलं आणि तिच्यासमोर धरली: "रडू नको. मी परत बोलतो."

अस्मिताने ओळ वाचली आणि त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. तेव्हा बाबांनी पाटी स्वतःकडे वळवून वाचली. त्यांचे ओठ हलले, ऑपरेशनने गळ्याला पाडलेल्या भोकातून नुसती हवा आली. मग त्यांनी ती ओळ बाहीने पुसून टाकली.