रिकाम्या गिरणीचा आवाज

वर दाणा नसताना गिरणी चालवू नये, हे सुंदरबाईला कोणी शिकवायला नको होतं. दगडावर दगड घासला की दगडच दळला जातो. तरी त्या शनिवारी, कानबाई देवीचा सण उद्यावर आलेला असताना, तिने देव्हाऱ्यापुढे हात जोडले, पट्टा चढवला आणि रिकामी गिरणी सुरू केली.

चहाचा कप टाकून तिचा पोरगा नवल धावत आला.

"माय! दाना नही शे वर. दगड खाई टाकशी का?"

"खाऊ दे. गावले आवाज तर जाऊ दे."

"आवाजवर कोन येस वं?"

"आवाजवरच येतस, भाऊ. एक मेंढी चालनी का बठ्ठा मेंढरं चालतस."

नवल एरंडोलला गाड्या दुरुस्तीच्या दुकानात कामाला. सणापुरता आला होता, आणि येतानाच सांगून मोकळा झाला होता, "सोमवारले गिरणी लेवाले भंगारवाला येई. मांगला साल कानबाईले बी कोनी उनं नही, ते मंग कोन येई आठे?"

खोटं काय होतं त्यात? कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू वर्षानुवर्षं याच दगडांवर दळले गेले. रोटाला दुसऱ्या धान्याचा कण लागायला नको, म्हणून गिरणी आधी धुऊन घ्यायची, मग दळणाची रांग पार मारुतीच्या पारापर्यंत जायची. गेल्या वर्षी गावातली मानाची बाई, झुंबरबाई, टोपली घेऊन सगळ्यांच्या आधी आली. सुंदरबाई तिला म्हणाली, "अक्का, आत्ताच ज्वारी दयेल शे. गिरणी धोयेल नही अजून. जराशी बसा."

खरं बोलली, एवढंच. झुंबरबाई बसली नाही. टोपली उचलून स्टँडजवळच्या रोनकच्या नव्या गिरणीवर गेली. तिथे फरशी, पंखा, कानबाईच्या तसबिरीभोवती लुकलुकते दिवे. दगड धुतले होते का, हे कोणी विचारलं नाही. अक्का गेली म्हणजे चांगलंच असणार. आणि सुंदरबाईचं एका दिवसाचं खरं वर्षभर गावात फिरलं, 'तिनी गिरणी धोयेलच नही ऱ्हास.' रोनक तरी वाईट असता! तो रस्त्यात भेटला की वाकून विचारायचा, "मावशी, बऱ्या आहात ना?" राग धरायलाही जागा नव्हती.

आज सुंदरबाईने पहाटेच न्हाऊन ओलेत्याने गिरणी धुतली, पुसली, दगडाला हळदकुंकू लावलं. ऊन अंगणात आलं तरी कोणी फिरकलं नाही. तेव्हा तिने बटण दाबलं होतं.

गिरणी कण्हत राहिली. बऱ्याच वेळाने मागच्या गल्लीतली कामिनी दारात आली. डोक्यावर नव्या फडक्याने झाकलेली टोपली.

"मावशी, दयन चालू शे का? आवाज उना म्हनीसन उनी. रोनककडे उन्हमा उभं ऱ्हावाले लागस."

"ये, बाई, ये."

कामिनी उंबऱ्यातच थबकली. "पन कोनी दयेल शे ना आज? पहिला घान मना नको, वं. सासू बोलनी, आधी देखी ले."

टोपलीकडे गेलेला हात सुंदरबाईने मागे घेतला. टोपली घेऊन गहू ओतले असते तर रिकामे दगड घासून पडलेली सगळी कच या पोरीच्या रोटात गेली असती. खरं सांगितलं असतं तर पोरगी पाय मागे घेऊन निघाली असती. गेल्या वर्षीचं खरं अजून अंगावर होतं.

"बस, बाई. आधी घरनं टाकस."

तिने आत जाऊन देव्हाऱ्याखालचे गहू काढले. रोटाचे गहू घरातल्या पुरुषाच्या नावाने मोजायचे असतात. या घरात पुरुष एकच.

नवल दारात आडवा झाला. आवाज खाली आणून म्हणाला, "माय, ह्या मना नावना गहू शेतस."

"माले ठाऊक शे."

"कच येई त्यामा."

"येऊ दे. लोकेसना रोटमा नको."

गहू कपाळाला लावून तिने ओतले. पीठ आधी राखट आलं, मग हळूहळू पांढरं पडत गेलं. कामिनीने शेवटची चिमूट तळहातावर चोळली. "मऊ शे, वं मावशी!" आणि दारातूनच गल्लीला हाक दिली, "या, वं! आठे बठ्ठा दयी ऱ्हायनात!"

सुंदरबाईने पदराने तोंड पुसून कामिनीची टोपली घेतली. बाया आल्या. रांग पारापर्यंत गेली नाही, पण उंबऱ्याबाहेर गेली. दिवेलागणीला झुंबरबाईची सूनही टोपली ठेवून गेली. विचारलं काही नाही. रांग होती ना.

रविवारी गावभर रोटांचा खमंग वास सुटला. रोटाचं पीठ टाकायचं नसतं, परक्याला द्यायचं नसतं. सुंदरबाई आपलं पीठ चाळत राहिली, पण दगडाची भुकटी चाळणीला कुठली ऐकायला! तिने कानबाईला तसाच नैवेद्य दाखवला. "माय, यंदा तुले बी कच दिनी. पोटमा घाल. मना पोरले संभाळ."

नवलने घास घेतला. दातांखालची करकर तिला चुलीपाशी ऐकू आली.

"कसा शे, भाऊ?"

त्याने गिळला. मग उठून खुंटीवरची, बापाच्या हातची, दगडाला खाचा पाडायची टाकी काढली, धार अंगठ्याने पाहिली.

"सकाय दगडंसले टाकी लावनी पडी."

"आन् भंगारवाला?"

"त्याले चहा पाज," नवल म्हणाला आणि दुसरा घास तोंडात घातला. करकर वाजली. पुढच्या शनिवारी कोण येईल, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.