पिवळ्या पिशवीला बर्फ नको

नवसाबाई गेल्या हे आमच्या ब्लड बँकेत सगळ्यांना मान्य होतं, एका नवसाबाईंना सोडून.

बाई आमच्याकडे मावशी म्हणून कामाला होत्या. पण झाडू-फरशीपेक्षा त्यांचं खरं काम लाईट गेल्यावर सुरू व्हायचं. त्या वर्षांत लोडशेडिंगनं अख्ख्या नाशिकच्या नाकी नऊ आणले होते आणि आमचा जनरेटर लाल रक्ताच्या फ्रीजपुरताच होता. प्लेटलेटच्या पिवळसर पिशव्यांचे नखरे वेगळे. त्यांना फ्रीज मुळीच सोसत नाही. खोलीतल्या साध्या गारव्यात, ट्रेवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात. ट्रेचं यंत्र थांबलं की बाई पिशव्या मांडीवर घेऊन बसायच्या आणि हलक्या हातानं झुलवायच्या. "लेकरं हायेत ही, मनीषाताई. निजू द्यायची नाय," म्हणायच्या.

उन्हाळ्यात बाई वारल्या. त्यानंतर एकदा लाईट गेली, यंत्र बंद पडलं, मी आत गेले, तर पिशव्या हलताहेत! वारा नाही, पंखा नाही. माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही, पण स्वतःच्या डोळ्यांवर आहे, त्याला काय करू? पहिल्या दिवशी बोबडीच वळली. पुढे सवय झाली, आणि सवय झाल्यावर राग यायला लागला. "अहो बाई, मेलात ना? आता तरी जरा पाठ टेका!" मी ओरडायचे. पिशव्या आपल्या डुलतच राहायच्या.

ऑक्टोबरात डेंगीनं कहर केला. द्वारका चौकाजवळ गाद्यांचं दुकान चालवणारा सलीम आला. त्याची मुलगी माहेनूर दुसरीत होती. तिच्या नाकातलं, हिरड्यांतलं रक्त थांबत नव्हतं, आणि तिच्या गटाची एकच पिवळी पिशवी आमच्याकडे उरली होती. आदल्या दिवशी त्यानं तिच्यासाठी लाल रक्त नेलं, तेव्हा बर्फाशिवाय नेऊ नका असं मीच बजावलं होतं. आजही तो थर्मास घेऊनच आला होता.

"आज बर्फ नाही हं," मी म्हटलं. "ही गारठली की मेली. हातात धरा, हलवत हलवत न्या. कळलं?"

"कळलं, ताई."

"पुन्हा सांगते, बर्फ नाही!"

"नाही, नाही," म्हणत तो पळालाच.

तो गेला आणि लाईट गेली. मी आतल्या खोलीत डोकावले. दुसऱ्या पेशंटच्या पिशव्या ट्रेवर निपचित पडल्या होत्या. एकही हलत नव्हती.

"बाई?" मी हाक मारली.

खोली रिकामी होती. कसं कळलं ते विचारू नका, पण रिकामी होती. इतके महिने ज्या असल्या की मी चिडायचे, त्या नाहीत म्हणून आता घाबरले. हातातल्या पिशव्या टाकून बाई जातील कुठे? गेल्या असतील तर त्या एका पिशवीमागेच. "शुभांगी, ट्रेवरच्या पिशव्या हलव!" असं काउंटरवरच्या पोरीला ओरडून सांगितलं आणि रस्त्यावर धावले.

सलीम कोपऱ्यावरच्या सरबताच्या गाडीपाशी होता. पिशवी बगलेत धरून दोन्ही हातांनी थर्मासशी झटत होता. थर्मासात बर्फ भरून झाला होता, वर झाकण लावलं होतं, आणि आता ते झाकण निघेना. सरबतवालाही जोर लावून थकला होता.

"ताई, बघा ना, उन्हात खराब होईल हो पिशवी!" तो रडकुंडीला आला होता. "कुणी वरून दाबून धरलंय जणू!"

"अहो, मी काय घसा फोडून सांगितलं होतं!" मी पिशवी हिसकावली आणि उजेडाकडे धरून हलकेच दाबली. आत धुरासारखे वळसे फिरत होते. असे वळसे दिसले की पेशी जिवंत असतात. एकदा गारठल्या की वळसे जातात, मग कितीही ऊब द्या, परत येत नाहीत.

मी थर्मासकडे बघून म्हटलं, "सोडा, बाई. पिशवी माझ्याकडे आहे."

झाकण टपकन निघालं. सरबतवाला गाडी सोडून मागे सरला.

रिक्षात मी पिशवी मांडीवर घेऊन झुलवत बसले. सलीम पुढे ड्रायव्हरशेजारी होता. माझ्या डाव्या खांद्यावर कुणीतरी डोकं टेकवलं होतं, दमलेल्या बाईनं टेकवावं तसं. त्या उकाड्यातही खांदा गार पडला होता. भीती वाटत होती, तरी मी तो काढून घेतला नाही.

वॉर्डात पिशवी लागली, थेंब थेंब रिकामी झाली, तोवर ते वजन तसंच होतं. संध्याकाळी रक्त थांबलं. माहेनूरनं पाणी मागितलं आणि तिची आई मासूमा पदरात तोंड घालून रडायला लागली. तेव्हा कुठे माझा खांदा हलका झाला, आणि मलाही रडू आवरेना.

"ताई, तुम्ही सोडा म्हणालात, ते कुणाला?" सलीमनं बाहेर आल्यावर विचारलं.

मी सांगितलं. नवसाबाई सुरगाण्याकडच्या. त्यांचा एकुलता एक समाधान असाच डेंगीनं इथे नाशकात दवाखान्यात पडला होता. त्याचा बाप भिमाजी त्याच्यासाठी पिवळी पिशवी घेऊन निघाला. वाटेत त्यानं बर्फ घेतला, पिशवी त्यात पुरली, वरून स्वतःचं उपरणं गुंडाळलं, पोराच्या रक्ताला ऊन लागू नये म्हणून. पोर गेलं.

सलीमनं आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "त्याला कुणी सांगितलं नव्हतं का, ताई?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "तोही 'कळलं' म्हणाला होता."